भिंत हा संदर्भ नाही

त्रेपन्नचा पूर दुधारवाडीत कुठवर आला,
एवढंच एक वाक्य होतं.
मी लिहिलं: गिरणीच्या खिडकीच्या वर, वीतभर.
अकरा मिनिटांत उडालं.
कारण: भिंत हा संदर्भ नाही. सविनय, काटेकोर.

सविनय!
आमच्याकडे बांधावरच्या भांडणात
माणूस निदान आईवरून तरी जातो,
कुठं लागलं ते कळतं.
हा मेला खोडतो आणि हात जोडतो.

मी परत घातलं. त्यानं परत काढलं.
मी लिहिलं, कृपया आधी चर्चा करावी.
त्यानं लिहिलं, आपल्या योगदानाबद्दल आदर आहेच, तथापि.
त्या तथापिवर मी दोन रात्री झोपले नाही.
तिसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत
आम्लाच्या बाटलीला नवं लेबल लावताना
हातून लिहून गेलं: तथापि.

रेघ आत्यानं मारलेली, खिळ्यानं,
गुळाच्या काहिलीत बसून, पाणी चढलेलं असताना.
वय वर्षं नऊ. शाळा बुडाली म्हणून खूश.
हे मी त्याला सांगितलं नाही.
आपल्याला ठाऊक असलेलं तिथं सांगायचं नसतं,
दुसऱ्या कुणी छापलेलं सांगायचं असतं.
नियम मला मान्य आहे.
मीच तो गेल्या वर्षी विट्याच्या एका पोराला समजावला,
त्याच्या आजोबांच्या कुस्तीवरून.
चार मुद्दे, चारही सौम्य भाषेत.
पोरगा पुन्हा कधी लिहायला आला नाही.

मग एका रात्री काटेकोरनंच विचारलं:
मी कराडला असतो. रविवारी टेप घेऊन येऊ का?

एसटीतून उतरला तो निवास थोरवडे,
पतपेढीत कॅशियर, कानात कापसाचा बोळा.
पिशवीत पोलादी टेप, आणि माझ्यासाठी
ओळखदेख नसताना आणलेल्या शेवग्याच्या शेंगा.
"तुम्हीच का पाणकोंबडी?"
भर स्टँडवर, मोठ्यानं.
केळीवाली वळून बघतच राहिली.

गिरणीपाशी गेलो तर
बाबालाल मुलाण्यानं लेकीच्या लग्नासाठी
आठवड्यापूर्वीच भिंत रंगवून घेतलेली.
पिस्ता रंग, दोन हात,
खाली लांबी भरून, अगदी सफाईनं.
"कशी दिसती?" बाबालाल म्हणाला.
आम्ही दोघं एकदमच म्हणालो, छान.
सात महिन्यांत झालेलं आमचं हे पहिलं एकमत,
त्याची नोंद कुठंच नाही.

थोरवडेनं टेप खिशात घातला.
चपला काढल्या, का कोण जाणे,
आणि हात वर करून तळव्यानं भिंत चाचपत गेला,
ताप बघतात तशी.
खिडकीच्या वर थांबला.
"इथं आहे काहीतरी."
मी पिठाच्या डब्यावर चढून बोट फिरवलं.
मला लागलं नाही.
"नीट बघा."
नीट बघितलं. गुळगुळीत होतं.
तो म्हणाला, आहे. मी म्हणाले, नाही.
आत दळण चालू होतं, त्यामुळं दोघंही ओरडत होतो,
आणि मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

सात फूट दोन इंच. त्यानं तळहातावर लिहून घेतलं.
चहाचे पैसे बाबालालनं घेतले नाहीत.

सोमवारी बघते तर वाक्य परत आलेलं,
त्यानंच आणलेलं, माझ्याच शब्दांत,
मागं शेपटासारखं: संदर्भ हवा.
मी ते काढलं.
कारणाच्या रकान्यात लिहिलं,
मला हाताला लागलं नाही. सविनय.

शेंगांची आमटी झाली, जरा तिखटच.
मग जुन्या चर्चा उलगडत मागं मागं गेले,
विट्याच्या त्या पोराचं पान काढलं आणि लिहिलं:
तुझ्या आजोबांची कुस्ती कुठल्या मैदानात झाली,
समोर कोण होतं, किती वेळ चालली?
छापलेलं नसलं तरी सांग.
लेखात घेणार नाही.
मला ऐकायचंय.